बाबूच्या होडीसाठी शोधलेला रिले

मित्रांनो, रस्त्यात पडलेला दिसलो तर तुम्ही मला ओळखणारसुद्धा नाही. खडीसाखरेच्या खड्याएवढी माझी डबी आणि खाली बारीक बारीक पाय. मी रिले. वय झालंय, पण मिजास अजून आहे हं! माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे आणि त्याच्यासमोर एक इवलीशी पट्टी. वेटोळ्यातून वीज गेली की त्याचं लोहचुंबक होतं, पट्टी ओढली जाते, टक्! वाट जोडली. वीज थांबली की पट्टी सुटते, वाट तुटली. आयुष्यभर मी एवढंच केलं, पण मन लावून केलं.

माझं पहिलं घर लोट्याला, एका रसायनांच्या कारखान्यात. तिथे पाळीवरच्या कामगारांच्या वॉकीटॉकी तपासायचं एक जाडजूड यंत्र होतं. आवाज किती जोरानं बाहेर पडतोय ते त्याचा काटा सांगायचा, आणि तो जोर काट्यापर्यंत न्यायची वाट माझ्या ताब्यात. सहदेव नावाचे कामगार रोज यंत्र पुसायचे आणि विचारायचे, "काय राजे, बरं हाय ना?" विचारायचे यंत्राला, पण मी आपलं ते स्वतःवरच घ्यायचो.

पुढे सहदेव निवृत्त झाले, नवं चकचकीत यंत्र आलं आणि आम्हाला भंगारात काढलं. कोणी झाकण उघडून बघितलंसुद्धा नाही. फार वाईट वाटलं मला. भंगारवाल्याकडून यंत्र पोचलं राजापूरला, एका काजूवाल्याच्या अंगणात. तिथे काजू वाळत घातलेली ताडपत्री उडू नये म्हणून आम्हाला तिच्या कोपऱ्यावर ठेवलं. वजन म्हणून! आता बोला!

वीज नाही, काम नाही. मी झोपी गेलो. ती झोप मात्र गोड होती. उन्हाची ऊब आत झिरपायची, लांबून एसटीचा हॉर्न यायचा, आणि ताडपत्रीच्या फडफडीचा माझ्या झोपेत समुद्र व्हायचा. मी कधी न पाहिलेला समुद्र. त्याच्यावरून कुणाकुणाचे आवाज तरंगत माझ्या दाराशी यायचे. कोणी हाक मारतंय, कोणी हसतंय, कोणी नुसतंच गुणगुणतंय. मी पट्टी लावायचो आणि ते पुढे निघून जायचे. जाग येऊच नये असं वाटायचं.

आणि इकडे रत्नागिरीत एक मुलगी माझ्यासाठी जिवाचं रान करत होती! ती दीक्षा, सहदेवांची लेक. होड्यांवरचे वायरलेस दुरुस्त करायचं तिचं दुकान आहे. तिच्याकडे आमच्याच घराण्यातलं यंत्र होतं, पण त्यातला रिले खराब झाला होता. काटा सकाळी वर, दुपारी खाली. त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? ही सगळी हकिगत मला नंतर सहदेवांच्या तोंडून कळली.

नेमका तेव्हाच पूर्णगडचा बाबू आपला वायरलेस तपासायला घेऊन आला. बरोबर त्याची आई, सखू. गेल्या हंगामात बाबूच्या होडीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं होतं. त्यानं वायरलेसवरून मदत मागितली, ती कुणालाच ऐकू गेली नाही. दुसऱ्या दिवशी होडी ओढून आणेपर्यंत सखू किनाऱ्यावरून हलली नव्हती. आता नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती, होड्या पुन्हा समुद्रात जायच्या होत्या.

"सेट बरा हाय गो," बाबू म्हणाला. "जेटीवर लावून बघितला. बाजूच्या होडीवर खणखणीत ऐकू येतंय."

"बाबूदादा, बाजूच्या होडीवर नुसती हाक मारली तरी ऐकू येईल!" दीक्षा म्हणाली. "माझा काटाच आजारी आहे. रिले मिळेपर्यंत मी हा सेट बरा म्हणणार नाही."

"मग मी याला सोडायची नाय," सखू म्हणाली. "मेल्या, गप बस."

पण रिले मिळणार कुठून? तो बनवणंच केव्हाचं बंद झालेलं. मुंबईहून कुरिअरनं 'नवे कोरे' आले. दीक्षानं स्पिरिटचा बोळा फिरवला तर वरचं नाव पुसलं गेलं आणि खालून भलतंच नाव निघालं. म्हाताऱ्याला कलप लावून नवरदेव म्हणून पाठवलं होतं!

तेव्हा सहदेवांना आमची आठवण झाली. आधी लोट्याचा भंगारवाला गाठला, तिथून विचारत विचारत ते राजापूरला आले. "काय राजे, इथं होय तुम्ही!" असं म्हणून त्यांनी यंत्रावरची धूळ पुसली. काजूवाल्यानं आमच्या जागी एक चिरा ठेवला आणि यंत्र हसत देऊन टाकलं.

दीक्षानं मला तिच्या यंत्रात बसवलं. बाबू आणि सखू समोरच उभे होते. वीज आली. टक्! पण काटा जागचा हलेना. इतकी वर्षं निजून माझ्या पट्टीवर मळ धरला होता.

"काय झालं गो?" सखूनं विचारलं.

"झोपेत आहे अजून," दीक्षा म्हणाली आणि बटण चालू-बंद, चालू-बंद करत राहिली. "ऊठ रे बाबा, ऊठ."

खरं सांगू? मला उठायचं नव्हतं. माझा समुद्र सोडवत नव्हता. मग सखूचा आवाज आला, अगदी हळू. "औंदा माझ्यानं किनाऱ्यावर उभं ऱ्हावायचं नाय गो."

माझी झोपच उडाली. होता नव्हता तेवढा जोर लावून मी पट्टी टेकवली. टक्! काटा उचलला, अर्ध्याच्याही अलीकडे थांबला आणि तिथेच स्थिर राहिला.

"बघा बाबूदादा. निम्मासुद्धा जोर नाही. हा आवाज बंदराबाहेर जाणार नाही."

दीक्षानं सेट उघडून दुरुस्त केला, पुन्हा माझ्यापुढे आणला, आणि काटा जिथे जायला हवा तिथे गेला.

होड्या समुद्रात गेल्या त्या दिवशी सखू दीक्षाच्या दुकानात येऊन बसली. तिथल्या वायरलेसमधून बराच वेळ नुसती खरखर येत होती. मग दूरवरून आवाज आला, "आये, ऐकतंस काय? जेवलीस?"

सखूनं पदर डोळ्यांना लावला आणि मग माइकवर ओरडली, "जेवले रे मेल्या! तू जाळ्याकडं बघ!"

मित्रांनो, घरातलं एखादं यंत्र बंद पडलं तर लगेच भंगारात देऊ नका. जाणत्या माणसाकडून आधी त्याचं झाकण उघडून घ्या. आत माझ्यासारखा कोणी निजलेला असेल, त्याला हाक मारा. पहिल्या हाकेला उठला नाही तर रागावू नका, पुन्हा मारा.