गार हातांचा बाबा

"उघड पोरी, उघड डोळे!" बाबा गरजला आणि सगळा हॉल चिडीचूप झाला.

शिंपीणबाईच्या जड झालेल्या पापण्या हळूहळू वर चढल्या. पुढच्या रांगेतली इस्त्रीवाली मावशी किंचाळली, "अगं बाई, उघडले की गं!" आणि मग जो काही गलका उडाला म्हणता! कुणी रडतंय, कुणी खुर्चीवर चढून बघतंय.

"रोग म्हणजे आग!" बाबाने तिच्या डोळ्यांवरून काढलेले ओले, लालबुंद हात वर केले. "आणि आग कशाने विझते?"

"गारव्याने!" गर्दी ओरडली.

बाबाचं वैद्यक असं सुटसुटीत होतं. गुडघा सुजला, गार हात. डोकं ठणकलं, गार हात. दाढ दुखली, नवरा भांडला, पोरगं नापास झालं, सगळ्यावर तोच गार हात. पण मिटलेले डोळे उघडायचा प्रकार काही औरच होता, म्हणून शिंपीणबाईला नेहमी सगळ्यात शेवटी, ती ताटकळून पुरती दमल्यावर पुढे बसवत.

मागच्या भिंतीशी तिचा नवरा ढसाढसा रडत होता. तो सुतार. बाबाचं लाकडी आसन त्यानेच करून दिलेलं, तेही फुकट. आसनाच्या पोटात खण, खणाला आतून पत्रा, दोन्ही बाजूंनी हात जाईल एवढी भोकं, तळाला बूच, असं सगळं बाबाच्या माणसाने नीट सांगितलं होतं. वर म्हणे, "ध्यानाचं आसन आहे." एरवी साध्या फळीसाठी गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारून भंडावणारा हा माणूस, पण तिथे मूग गिळून बसला.

बायकोच्या आजाराने तो टेकीला आला होता, हे खरं. सकाळी ती शिलाईच्या दुकानात मशीनवर बसली की हात झरझर चालायचा. दुपार कलली की पापण्या उतरायच्या, एका सुईच्या दोन सुया दिसायच्या, बोलणं नाकात जायचं, घास घशाखाली उतरायचा नाही. झोपून उठली की पुन्हा बरी. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "स्नायू लवकर दमण्याचा आजार आहे हा. कमी-जास्त होत राहणार. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत."

सुताराला ते कमी-जास्तच पचेना. वाळवी लागलेलं लाकूड काही सकाळी धडधाकट होत नाही. एका संध्याकाळी तो तिच्यावर खेकसला, "एक तर बरी हो, नाहीतर नीट आजारी पड! लोकांना मी सांगू तरी काय?"

त्या वेळी तिला बोलताच येत नव्हतं.

आणि अशा घरात बाबा शिरला. "माझा हात हवा की डॉक्टरची गोळी? काय ते एक ठरव," तो म्हणाला. सुताराने गोळ्या हत्यारांच्या पेटीत टाकून कुलूप ठोकलं.

"अहो, घरी येईस्तोवर पापण्या पुन्हा उतरल्या. बघा ना माझ्याकडे," ती विनवायची.

"तुझाच विश्वास कमी पडतोय," तो म्हणायचा. हे उत्तर बाबानेच पढवून ठेवलेलं. बरं वाटलं तर हाताची कृपा, नाही वाटलं तर तुझ्या मनात खोट. काय सोय आहे बघा! मध्ये काही दिवस ती खरोखरच बरी राहिली. आजाराचेच ते बरे दिवस, पण श्रेय लाटलं बाबाने.

मग एका दुपारी पाण्याचा घोट नाकातून परत आला आणि तिचा श्वास अडकू लागला.

इस्पितळात तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं. नळी निघाली तेव्हा ती पार खंगली होती आणि पापण्या खालीच होत्या. सुताराने डॉक्टरीणबाईंपुढे हात जोडले. "बाबांना एकदाच आत येऊ द्या हो. त्यांचा हात लागला की डोळे उघडतात. मी स्वतः पाहिलंय."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फाचा चुरा भरून घेतला, वर फडकं गुंडाळलं आणि ते पुडकं तिच्या उजव्या डोळ्यावर धरलं. थोड्या वेळाने काढलं. उजवी पापणी वर आली होती, डावी तशीच खाली.

"हा... हा चमत्कार..." सुतार चाचरला.

"हा बर्फ आहे. गारव्याने आणि विसाव्याने या आजारात पापणी उचलते. थोडाच वेळ. आम्ही तपासणीसाठी हेच करतो. पण श्वासाच्या स्नायूंना बर्फ कुठे लावणार? त्यांना औषधच लागतं."

सुताराला बाबाचं आसन आठवलं. पत्रा. भोकं. बूच. सगळं त्याच्या हातचं होतं.

पुढच्या सभेला तो सरळ आसनापाशी गेला आणि बूच उपटलं. बर्फाचं पाणी भळाभळा वाहिलं, पहिल्या रांगेच्या चपला भिजल्या. मग त्याने पटाशीने फळी उचकटली. आत बर्फाच्या लाद्या.

"हे पवित्र जल आहे!" बाबा ओरडला.

इस्त्रीवाल्या मावशीने बोट बुडवून हुंगून पाहिलं. "कसलं पवित्र! हा तर मासळीवाल्याकडचा बर्फ!"

"आसन मी केलंय," सुतार म्हणाला. "माझी बायको मरता मरता वाचली. बर्फ घरीही मिळतो, बरं वाटत असेल तर जरूर लावा. पण याच्या सांगण्यावरून कुणाचं औषध बंद करू नका. डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानू नका, कसं झालं ते विचारा. मी विचारलं नाही हो."

तिथून तो थेट इस्पितळात आला आणि तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. बोलली तेव्हा आवाज नाकातून येत होता.

"त्याने सांगितलं बरी झाली, तर तुम्ही लगेच मानलंत. मी रोज सांगत होते, दमले म्हणून. ते मात्र कधी..."

पुढचं तिला बोलवेना. पापण्या उतरल्या.

"दमलीस तू," तो रडत म्हणाला. "खरंच दमलीस. पड जरा."