तिसरा पिंजरा

"वाच सूनबाई, जोरानं वाच. समद्यायले आयकू जाऊ दे," मामाजी, माझे सासरे, गादीवरून म्हणाले.

शिरपूरच्या आमच्या दुकानात यात्रेकरू बसले होते, रिठदचे जुने गिऱ्हाईक जानराव होते. आतल्या दारात सासूबाई माझ्या सात महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. बाळंतपणानंतर मी जेवेना, बोलेना, तेव्हा त्यांनी ती माझ्याकडून काढून घेतली. "पुडी खाय, बरी हो, मंग घे पोरगी." पुडी कलकत्त्याच्या चिनी वैद्याची, उदासीवरची, मामाजी ती विकत. पाच महिने मी ती गिळली. गुण काही आला नाही. तरी गिऱ्हाइकांना ते सांगत, आमच्या सुनेलेच इचारा.

मग अठ्ठ्याहत्तर साली त्यांना पुडीला गुण आहे असा कॉलेजचा कागद हवासा वाटला. मी बी.एस्सी. झालेली, वाशीमच्या कॉलेजात माझे जुने सर. महिनाभर एस.टी.ने जा-ये केली. मामाजींची समजूत, पूड भिंगाखाली बघतात.

तो कागद मी वाचू लागले.

"पहिला पिंजरा. चार उंदरिणी. पिल्लं काढून घेतली. चौथ्या दिवशी त्यांनी खाणं सोडलं. जगायची उमेद किती ते बघायला पाण्यात सोडल्या, तर दोन मिनिटांत हातपाय हलवायच्या थांबल्या, नुसत्या तरंगत राहिल्या."

एका यात्रेकरू बाईने हातातली पुडी खाली ठेवली. "शेठजी, तुमी तं जैन, पानी गाळून पेता ना?"

"मले काय मालूम, बाई, हे असं करतात म्हनून." मामाजी माझ्याकडे वळले. "पुडीचं सांग."

"सांगते. दुसरा पिंजरा. तसंच केलं, वरून पुडी दिली. अर्धा मिनिट जास्त पोहल्या."

"पाहा. गुण हाये."

"तिसरा पिंजरा." हा सरांनी सांगितला नव्हता, मी मांडला होता. "पुडी दिली नाही. पिल्लं परत दिली. पाच मिनिटं झाली तरी पोहत होत्या. शेवटी आम्हीच बाहेर काढल्या."

जानरावांनी सासूबाईंच्या कडेवरच्या मुलीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "शेठ, औषध तं तुमच्या घरातच हाये. त्याले कोंडून काहून ठेवलं?"

मामाजींचा उतरलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला. बारा मुक्या जिवांचे हाल मी केले ते या एका क्षणासाठी, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

सासूबाई पुढे आल्या. मान खाली घालून त्यांनी मुलगी माझ्या हातात दिली.

मुलीने माझं तोंड नीट न्याहाळलं आणि रडत त्यांच्याकडे दोन्ही हात केले. मी तिला तशीच धरून उभी राहिले.