कोरडे फडके

मित्रांनो, लालबागला मसाला कुटण्याच्या डंकाशेजारी, चाळीच्या जिन्याखाली हार घातलेले एक गंजके धूड दिसले, तर ते मी. मी एक जुना वेल्डिंगचा जनरेटर आहे. माझ्या एका अंगाला पेट्रोलचे इंजिन आहे. ते फिरले की पोटात वीज तयार व्हायची आणि तिच्याने लोखंडाला लोखंड जोडले जायचे. आता माझ्याने टाचणीही जोडवत नाही. पूजा मात्र दर दसऱ्याला थाटात होते.

युद्ध संपल्यावर लष्कराने मला मोडीत काढले. अँटॉप हिलजवळ शामरावांच्या भंगाराच्या वखारीत मी दहा वर्षे पडून होतो. छप्पन साली एका सकाळी दोघे जण लॉरी घेऊन आले. राजाराम कोकणातला, लॉरी त्याची. आनंदा परळच्या एका गिरणीत फिटर. आदल्या वर्षी फ्लोरा फाउंटनच्या मोर्चात अश्रुधुराने राजारामला दिसेनासे झाले, तेव्हा अनोळखी आनंदाने त्याला पाठुंगळीला घेऊन बाहेर काढले. तिथून दोघांची गट्टी जमली. लॉरीवर जनरेटर चढवायचा आणि गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन वेल्डिंग करायचे, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी आनंदाने पक्की नोकरी सोडली होती.

शामरावांनी माझ्या शेजारच्या यंत्राला चकचकीत हिरवा रंग फासला होता. राजाराम त्यावरच भाळला.

"ह्योच घेऊया रे. कसो झळाकता बघ!"

"रंगानं वेल्डिंग होत नाय, राजा," आनंदा म्हणाला. त्याने माझे झाकण उघडले, तेल बोटांत चोळून पाहिले, आतल्या तारांवरची धूळ फुंकली. मग मला चालू करून बराच वेळ कान लावून उभा राहिला. "शामराव, हाच द्या. मळलाय, पण आतनं कोरडा हाय."

इतक्या वर्षांत मला आतून कोणी पाहिलेच नव्हते. मला भरून आले, हे सांगायला लाज कसली?

मग आम्ही दादरचे कठडे जोडले, माहीमची फाटके जोडली. लोक म्हणत, जोड तुटायचा नाही. लॉरीच्या फळीवर दोघांनी मिळून 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असे रंगवले होते. रोज संध्याकाळी आनंदा खिशातले कोरडे फडके काढून मला पुसायचा.

त्या दसऱ्याला आनंदा आणि त्याची बायको रमाबाई नागपूरला दीक्षा घ्यायला निघाली. जाताना तो राजारामला म्हणाला, "पूजा कर, माझी ना नाय. पण नारळ खाली दगडावर फोड. ह्याच्या पोटात पाणी गेलं तर संपलं."

राजारामने मान डोलावली. पण दसऱ्याला त्याची बायको कांता म्हणाली, "मानाचो नारळ जमनीर फोडतत?" झाले! नारळ माझ्या माथ्यावर फुटला. गार पाणी जाळीतून थेट पोटात उतरले. दुसऱ्या दिवशी मला तसेच ओले चालू केले. क्षणात आतल्या तारा जळाल्या आणि धूर निघाला.

आनंदा परतला. त्याने मला उघडले आणि काळ्या तारांतून नारळाच्या शेंडीचा धागा ओढून काढला.

"राजा, हे काय?"

राजारामला चूक कळली होती. त्याचा चेहरा मी जवळून पाहिला, म्हणून सांगतो. पण भोवती चाळ जमली होती, आणि चारचौघांत चूक कबूल करायला लागणारे काळीज त्याच्याकडे नव्हते.

"देवाच्या पाण्यान मशीन जळता? तू देव सोडून इलंस, त्याचो कोप हा!"

"पंधरा दिवस दे. तारा नव्यानं गुंडाळतो."

"नको. तुझो हात लागाक नको."

ज्या पाठीवर बसून जीव वाचला, त्या पाठीच्या माणसाला तो हे म्हणाला! मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. आनंदाला गिरणीने परत घेतले नाही. दुसऱ्यांच्या यंत्रांवर तो रोजंदारी करू लागला. मी राजारामच्या चाळीच्या जिन्याखाली आलो.

साठ साली एक मे रोजी महाराष्ट्र झाला. लालबागेत गुलाल उधळला गेला. राजारामने मला हार घातला आणि माझ्या माथ्यावर नारळ फोडला. तेवढ्यात आनंदा आपल्या लेकीला, शेवंतीला, घेऊन तिथून चालला होता. तो थांबला. खिशातून फडके काढून त्याने माझा माथा पुसला, जाळी पुसली.

"आता काय उपयोग, बाबा?" शेवंतीने विचारले.

"पाणी साचलंय गं," एवढेच तो म्हणाला.

राजाराम दारातून बघत होता. मला वाटले, आता तरी हाक मारील. आनंदा वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा कांताने तांब्या आणून दिला आणि आनंदाचा हात जिथे जिथे लागला होता तिथे तिथे राजारामने पाणी शिंपडले.

मित्रांनो, यंत्राला हार नाही घातला तरी चालेल, पण ते कोरडे ठेवा. आणि ज्याने ते कोरडे ठेवले, त्याचा हात लागला म्हणून पाणी शिंपडू नका. एवढे साधे सांगायला मला जळावे लागले.