तांब्याचा कठडा

बोल्टच्या डोक्याखालून आलेला तपकिरी ओघळ करंगळीच्या नखाएवढाच होता. भोवतालचा रंग तडकला नव्हता, नुसता फुगला होता. दादाच्या धाकट्या बहिणीने बोट लावलं तशी त्याची खपली हातात आली.

वाचनालयाच्या गॅलरीचा हा कठडा म्हणजे दादाच्या वर्कशॉपचं पहिलं नाव घेण्याजोगं काम. लोखंडी खांब, मधे तांब्याचे पत्रे आणि ते आवळायला लोखंडी बोल्ट. कडेच्या कुंड्यांचं पाणी सांध्यात मुरत राहायचं. तांबं आणि लोखंड अशी ओलीत चिकटून राहिली की तांबं मजेत राहतं आणि लोखंड झिजतं. बोल्ट एवढेसे नि पत्रा एवढा मोठा, मग तर विचारूच नका. मधे रबराच्या चकत्या घाल, असं धाकटी तेव्हाच म्हणाली होती. चकत्यांनी शोभा जाते म्हणून दादाने ते उडवून लावलं. गेल्या वर्षी पहिला डाग दिसला, तेव्हा त्याच्या शब्दाखातर तिने वरून रंग मारला. तेव्हापासून गॅलरीत कुणी रेललं की तिची नजर आधी बोल्टांकडे जायची.

"घास, प्रायमर मार, चल," दादा म्हणाला. "आणि उरलाच तर एक हात तुझ्या डोक्यालाही मार. फार गंजलंय काळजीने."

तिने पाना लावला. जोर द्यावाच लागला नाही. डोकं तुटून तळहातावर पडलं. आतला दांडा काडीसारखा उरला होता. पुढच्या बोल्टचं तेच, त्याचं डोकं तर जमिनीवरच पडलं.

दादाचा चेहरा उतरला. "उद्या उजाडताच गुपचूप बदलू. आजचा कार्यक्रम पार पडू दे."

"अरे, माणसं इथेच उभी राहणार ना?"

"माझं नाव मातीत घालणार आहेस का? सख्खी बहीण ना तू?"

इतक्यात ग्रंथपाल बाई जिना चढून आल्या. "आटपलं का तुमचं? खाली जागा पुरणार नाही, म्हणून इथेही खुर्च्या मांडते."

दादाने बोल्टचं तुटकं डोकं पायाखाली सरकवलं आणि धाकटीकडे पाहिलं. त्या नजरेत दरारा नव्हता, नुसती विनवणी होती. तीच तिला जड गेली.

"खुर्च्या मांडू नका, बाई," ती म्हणाली. "कठड्याचे बोल्ट आतून गेलेत, चूक आमच्या कामाची आहे. गॅलरी आत्ताच्या आत्ता बंद करा."