जेवून घ्या, नेब्रास्का

सव्वीस वर्षं रोझलिन व्होंड्रा संध्याकाळी सहाला बातम्या सांगायची, तेव्हा अर्धं नेब्रास्का राज्य हातातलं काम टाकून ऐकत बसायचं. आता ती गव्हर्नरपदाला उभी होती, गावोगाव फिरत होती, तर तिचं एक वाक्य कुणी धड पुरं ऐकून घेईना. म्हणजे लोक यायचे, भरपूर यायचे. चर्चच्या तळघरात, धान्याच्या कोठारापुढे, शाळेच्या फुटबॉल मैदानावर गर्दी करायचे, तिच्या दंडाला हात लावून बघायचे आणि विचारायचे, तुझा तो हवामानवाला केस रंगवतो ना?

तिला सांगायचं होतं पाण्याबद्दल. शेतातलं खत झिरपून विहिरी नासल्या होत्या. तिच्या सख्ख्या बहिणीच्या गावात तान्ह्या मुलांना विकतच्या बाटलीतलं पाणी पाजत होते. रोझलिनने दोन वर्षं माणसांना भेटून, कागद वाचून अकरा पानांची योजना केली होती, आणि ती तिने स्वतः लिहिली होती, कुणा उपसंपादकाने नाही. पण तिसऱ्या पानाशी पोचते न पोचते तोच मागून कुणीतरी म्हणायचं, "रोझलिन, ते म्हण ना एकदा."

ते म्हणजे बातम्यांच्या शेवटचं वाक्य. "जेवून घ्या, नेब्रास्का. दहाला भेटू." पहिल्याच वर्षी एकदा चार सेकंद उरली म्हणून तिच्या तोंडून ते निघालं, आणि मग ते तिला जन्माचं चिकटलं. लोकांनी ते मगवर छापलं, उशांवर दोऱ्याने भरलं. तिच्या प्रचारप्रमुखालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ग्रँट पेलेटियर त्याचं नाव. वॉशिंग्टनहून मुद्दाम आणलेला, चौतीस वर्षांचा, जेवतानासुद्धा फोनमध्ये डोकं घालून बसणारा. तो म्हणायचा, म्हणून टाका हो, फुकटचं मत मिळतंय. ती म्हणायची, लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे आणि खरोखरच जेवायला निघून जायचे. अकरा पानं गाडीच्या मागच्या सीटवर पडून राहायची.

वादविवादाच्या दिवशी तर तिला स्वतःचाच राग आला. समोर क्लार्क हॅमिल होता, तीन पिढ्यांपासून गुरांचे मोठमोठे कळप बाळगणारा, निवांत आवाजाचा माणूस. स्टुडिओतला माणूस बोटं दाखवायचा: पंधरा सेकंद, दहा, पाच, आणि मग मूठ. मूठ दिसली की रोझलिनचं तोंड आपोआप मिटायचं, वाक्य कुठेही असो. हॅमिल त्या मुठीकडे बघून मान डोलवायचा आणि आणखी मिनिटभर बोलायचा. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, हॅमिलकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. त्यानंतर त्याने जाहिरात काढली की बाईला तुमच्या विहिरींना कुलूप घालायचंय. धडधडीत खोटं होतं ते. पण ते दिवसातून आठ वेळा दिसायला लागलं, आणि मतदानाला दोन आठवडे उरलेले असताना ती तीन टक्क्यांनी मागे पडली.

त्याच आठवड्यात ऑपल ऱ्हीड भेटली.

एका चर्चमध्ये सकाळी पॅनकेकचा कार्यक्रम होता आणि रोझलिनसोबत फोटो काढून घ्यायला रांग लागली होती. रांगेत सत्तरीची एक बारीकशी बाई, कोटाची सगळी बटणं लावून, पर्स पोटाशी धरून उभी होती. तिची पाळी आली तरी ती फोटोला उभी राहीना. बाकी सगळं राज्य रोझलिनला घरच्यासारखं अगं-तुगं करायचं. ही बाई तिला अहो-जाहो करत होती.

"मी ऑपल ऱ्हीड. लिंडन फोर्कहून आलेय. वेंडेलची बायको."

रोझलिनने फोटोसाठी आणलेलं हसू आवरलं. नाव ती विसरली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी लिंडन फोर्कजवळ शाळेची बस उलटली होती. जीव कुणाचा गेला नाही, पण अकरा मुलांची हाडं मोडली. त्या संध्याकाळी सहाला रोझलिनने बातमी वाचली की चालक वेंडेल ऱ्हीड दारू प्यायला असावा असा पोलिसांना संशय आहे. बातमी संपली आणि हवामान सुरू व्हायला दोन सेकंद उरली. त्या दोन सेकंदांत तिने कॅमेऱ्याकडे बघत हळूच मान हलवली. तेवढंच. चौथ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. दारूचा थेंब नव्हता. ब्रेकची नळी कुजून फुटली होती, आणि ती बदला म्हणून वेंडेलनेच दोनदा लेखी दिलं होतं.

रोझलिन तेव्हाच्या संपादकाच्या खोलीत गेली होती. दुरुस्ती मी सहाला वाचते, असं म्हणाली होती. तो म्हणाला, वकिलांना विचारलंय, दुरुस्ती देऊन झाली. ती दिली होती पहाटे पावणेपाचला, डुकरांच्या बाजारभावांच्या मागोमाग, शेतीच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाने. बारा सेकंद. त्याच महिन्यात रोझलिनचा नवा करार व्हायचा होता. ती "बरं" म्हणाली आणि मेकअपला जाऊन बसली. त्या एका "बरं"ची तिला नऊ वर्षं लाज वाटत होती. आणि लाज वाटतेय म्हणजे आपण अगदीच वाईट नाही, अशी ती स्वतःची समजूतही घालत होती.

"तुम्ही वाचलंत ते लोक विसरलेही असते," ऑपल म्हणाली. "पण तुम्ही मान हलवलीत. रोझलिनने मान हलवली म्हणजे खरंच असणार, असं सगळे म्हणाले."

रोझलिनने तिचा हात धरला. मी घरी येते, वेंडेलची माफी मागते, आजच येते, असं ती म्हणाली. ऑपलने हात सोडवून घेतला.

"माफी नको. आपण प्यायलो नव्हतो हे वेंडेलला ठाऊक आहे. लोकांना सांगा. सहाला सांगितलं होतंत, सहालाच सांगा."

"ऑपल, मी आता त्या चॅनेलवर नाही."

"मग कुठे आहात? रोज तर दिसता."

मागे रांग खोळंबली होती. ऑपलने जाता जाता तुटक तुटक सांगितलं ते एवढंच, की बसचं काम गेलं ते गेलंच. पण तीस वर्षं गावच्या अग्निशमन दलात फुकट राबलेला माणूस आता दलाच्या हॉलच्या रस्त्याने जात नाही, आणि किराणा आणायला दोन गावं ओलांडून जातो. तिच्यामागचा माणूस पुढे झाला, रोझलिनच्या खांद्यावर हात टाकून हसला आणि म्हणाला, आता म्हण, जेवून घ्या. तिने म्हटलं. तेव्हा तिला तिच्याच आवाजाची शिसारी आली.

दुपारी तिने चॅनेलला फोन लावला. नवा संपादक तिशीचा, अगदी गोड बोलणारा होता. तो म्हणाला की मतदान तोंडावर असताना उमेदवाराला बातम्यांत आणलं तर हॅमिललाही तेवढीच मिनिटं द्यावी लागतील. शिवाय नऊ वर्षांची जुनी गोष्ट, त्यात आता कुणाला काय रस? निवडणूक झाली की बघू. रोझलिनने फोन ठेवला आणि गाडीत एकटीच मोठ्याने एक शिवी हासडली. सव्वीस वर्षं ज्या खुर्चीत बसली, त्या खुर्चीतून तिला एक खरं वाक्य बोलायला मिळत नव्हतं, तेव्हाही आणि आताही.

शेवटच्या आठवड्यात ग्रँट खुशीत आला. मतदानाआधीच्या शुक्रवारी, सहाच्या बातम्यांत, हवामानाच्या अगदी आधीची तीस सेकंद त्याने जाहिरातीसाठी मिळवली होती. आता तिजोरीत खडखडाट होता, त्यामुळे ही शेवटचीच. विहिरींच्या कुलपाचं खोटं त्यात उघडं पाडायचं. मजकूर तयार होता आणि चांगलाही होता. "हॅमिलला सरळ खोटारडा म्हणायचं," तो म्हणाला. "उमेदवाराच्या जाहिरातीतला एक शब्द चॅनेलला कापता येत नाही. कायदाच आहे. तुम्ही शिव्या दिल्यात तरी त्यांना दाखवावं लागेल."

रोझलिनने कॉफीचा कप खाली ठेवला. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. सव्वीस वर्षं तिने असल्या जाहिराती नाक मुरडून पुढे जाऊ दिल्या होत्या. पण जाहिरात देणाऱ्याच्या जागी ती स्वतः कधी उभी राहिली नव्हती.

तिने काय करायचं ठरवलंय ते ऐकल्यावर ग्रँटने पहिल्यांदा फोन उलटा ठेवला. त्याने समजावलं, विनवलं, मग तो चिडला. मागे आहोत ते तीनच टक्के आहेत म्हणाला. निवडून या, मग गव्हर्नरच्या कचेरीतून त्या वेंडेलचा हवा तेवढा सत्कार करा म्हणाला. हे बोलणं चुकीचं नव्हतं, आणि त्याचाच रोझलिनला जास्त त्रास झाला. आधी करार, मग दुरुस्ती. आधी निवडणूक, मग दुरुस्ती. म्हणजे तिने पुन्हा एकदा "बरं" म्हणायचं, दुसरं काय.

"तीस सेकंदांत मी तुम्हाला निवडून आणू शकतो," ग्रँट म्हणाला.

"तीस सेकंदांत काय काय करता येतं, ते मला सांगू नकोस."

जाहिरात तिने स्वतः लिहिली आणि एका साध्या टेबलाशी बसून, समोर अक्षरं सरकणारा पडदा न ठेवता बोलली. चॅनेलच्या वकिलाचे तीन फोन आले. तिने एकही घेतला नाही. ग्रँटने सामान बांधलं नाही, पण तिच्याशी बोलणं टाकलं.

शुक्रवारी लिंडन फोर्कच्या अग्निशमन हॉलमध्ये निधीसाठी जेवण होतं. चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल, दुसरं काही नाही. रोझलिन ठरवून तिथेच गेली. दलाचा प्रमुख ड्वेन स्वोबोडा, आडव्या अंगाचा, एप्रन बांधून मोठ्या पातेल्यातून चिली वाढत होता. त्याच्या मुलीचा पाय त्या बसमध्ये मोडला होता. शंभरेक माणसं बसली होती. ऑपल आली, पण दाराशीच उभी राहिली. कोट तिने काढला नाही. भिंतीवरच्या टीव्हीत सहाच्या बातम्या चालू होत्या. आधी हॅमिल आला, विहिरीचं कुलूप घेऊन. मग रोझलिन.

"मी रोझलिन व्होंड्रा. नऊ वर्षांपूर्वी याच वेळी मी लिंडन फोर्कच्या बसची बातमी दिली होती. चालक वेंडेल ऱ्हीड दारू प्यायला असावा, असं मी सांगितलं आणि वर मान हलवली. वेंडेल प्यायला नव्हता. त्याच्या रक्तात एक थेंब नव्हता. ब्रेकची नळी कुजलेली होती, आणि ते त्याने आधीच लिहून कळवलं होतं. चौथ्या दिवशी मला हे समजलं. मी ते या वेळेला तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी आहे."

बरोबर तीस सेकंद. मग हवामानवाला आला आणि वाऱ्याबद्दल बोलू लागला.

हॉलमधल्यांनी चमचे खाली ठेवले. सगळे आपापल्या वाडग्यात बघत होते. शेवटी पुढच्या टेबलावरची एक बाई घसा साफ करून म्हणाली, "अगं, आवाज मात्र अजून तस्साच आहे हं तुझा." कुणीतरी सुटल्यासारखं हसलं. "हो ना. आता इथे आलीच आहेस तर म्हण की ते."

रोझलिन उठली. गेले आठ महिने ती हे ऐकून मुकाट्याने ते वाक्य म्हणत आली होती.

"मी आत्ता काय सांगितलं?"

पुढच्या टेबलावरची बाई रुमालाशी चाळा करू लागली.

"आवाज राहू दे बाजूला. मी काय सांगितलं ते मला सांगा. कुणीही एकाने सांगा. त्याशिवाय मी खाली बसणार नाही."

एका टेबलावरची माणसं रोल तोडायला लागली. ग्रँट कोपऱ्यात डोळे मिटून उभा होता. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता, मंगळवारच्या मतदानात ती हरली, पाच टक्क्यांनी हरली. पण तेव्हा हॉलमध्ये तिला मंगळवार आठवतही नव्हता. ती उभी होती, आणि कुणी मूठ दाखवली असती तरी ती थांबली नसती.

"वेंडेल प्यायला नव्हता," ड्वेन पातेल्यामागून पुटपुटला.

"मोठ्याने."

"वेंडेल प्यायला नव्हता." त्याने डाव खाली ठेवला. पुढचं तो कुणाकडे न बघता बोलला. "त्याला बसमधून मीच ओढून काढलं होतं. त्याचं तोंड माझ्या तोंडाशी होतं. वास नव्हता. मग घरी गेलो, तर तू टीव्हीवर मान हलवत होतीस. मला वाटलं, मलाच सर्दी झाली असेल."

रोझलिनने हाताने मागची खुर्ची चाचपली. तिची सगळी चीड एकाएकी कुठे गेली कोण जाणे. ती खुर्चीत बसली. ऑपल मात्र दारातून निघाली, टेबलांमधून वाट काढत सरळ पातेल्यापाशी गेली, आणि पर्समधून फोन काढून तिने नंबर लावला.

"आमच्याकडे सहाला टीव्ही बंद असतो," ती ड्वेनला म्हणाली. "नऊ वर्षं झाली. त्याने काहीही ऐकलेलं नाही. तू सांग."

ड्वेनने एप्रनला हात पुसले, दोनदा पुसले, आणि फोन घेतला. सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. पलीकडे कुणीतरी फोन उचलला. ड्वेनने एकदा पातेल्यात बघितलं, एकदा ऑपलकडे बघितलं.

"वेंडेल," तो म्हणाला, "मी ड्वेन. जेवलास का?"