आंद्रूचे दहा मणी

संध्याकाळच्या जपमाळेचं दुसरं रहस्य संपलं. सुशीलाला बघायला आलेल्या बाईंनी माळेचा पुढचा मणी धरला आणि मोठ्यानं सुरुवात केली, "नमो मरिये..."

लुसाबाईनं चटकन त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ते नका म्हणू, बाई. ते आंद्रूचं हाय."

बाई गोंधळून थांबल्या. त्यांची नजर खोलीभर फिरली. उल्हासनगरच्या त्या बरॅकीत लुसाबाई, तिचा नवरा पात्रस, लेक सुशीला आणि हे पाहुणे मायलेक, एवढेच होते. मरियामातेच्या तसबिरीसमोर मेणबत्ती जळत होती. बोटांखालून दहा मणी मुक्यानं सरकले. बाहेर नळावर कुणाची तरी बादली भरून वाहत होती, तिचा आवाज तेवढा आत येत होता. मग सुशीलानं चौथं रहस्य सुरू केलं.

चहाच्या वेळी बाईंना राहवेना. "आंद्रू म्हणजे... वारला का हो?"

"वारेल कशाला? घरातनं गेलाय. चार वर्सं झाली. येईल."

पात्रस कप तसाच ठेवून तंबाखू आणायला निघून गेले.

लुसाबाईच्या, म्हणजे पारख्यांच्या घरात माळ वाटून घ्यायची रीत होती. पाच रहस्यं, प्रत्येकात दहा वेळा नमो मरिया. पहिलं रहस्य बापाचं, दुसरं आईचं, तिसरं थोरल्या लेकाचं, आंद्रूचं, चौथं सुशीलाचं आणि पाचवं सगळ्यांनी मिळून. ज्याचं रहस्य त्यानं अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेल्या अर्धीनं उत्तर द्यायचं.

बाप-लेक अंबरनाथच्या एकाच कारखान्यात होते. ब्याऐंशी साली संप झाला. आंद्रू संपात सगळ्यांच्या पुढे. पात्रसना मात्र लेकीच्या लग्नाची काळजी. ते एका सकाळी मागच्या दारानं कामावर गेले. त्याच संध्याकाळी स्वतःचं रहस्य म्हणता म्हणता आंद्रू मध्येच थांबला.

"बाबा, आज आत गेलात? पोरं माझ्या तोंडावर थुंकली."

"देवापुढं बसून बापाला जाब विचारतोस?" म्हणत पात्रसनी त्याच्या थोबाडीत दिली. आंद्रूनं माळ जमिनीवर ठेवली, चपला घातल्या आणि तो गेला. डोकं थंड झालं की येईल, असं लुसाबाईला वाटलं. तिनं त्याचं ताट झाकून ठेवलं होतं.

तेव्हापासून तिसरं रहस्य कुणी म्हणत नसे. फादर घरी आले तेव्हा त्यांनी समजावलं, "बाई, त्याच्या वतीनं तुम्ही म्हणा. चालतं."

"फादर, दुसऱ्यानं जेवून त्याचं पोट भरंल का?"

फादर हसले आणि आशीर्वाद देऊन गेले.

शेजारची भगवंती ओट्यावर पापड वाळत घालताना चिडवायची, "लुसाबाई, तुम्हारा भगवान ऊंचा सुनता है क्या? रोज वही का वही!"

"तू तुझ्या पोरांना जेवायला किती हाका मारतेस गं?"

"वो तो बच्चे हैं. मस्ती में सुनते नहीं."

"मंग माजं बी लेकरूच हाय की. हाका मारतेय."

आंद्रूबद्दल कुणी म्हणे वांगणीला दिसला, कुणी म्हणे सुरतेला गेला. लुसाबाई सांगणाऱ्याला बसवून घ्यायची, चहा द्यायची आणि विचारायची, "वाळला व्हता का?" पात्रस तेवढ्यात उठून बाहेर जायचे. त्यांनी पोराचं नाव पुन्हा कधी घेतलं नाही.

बघायला आलेल्या त्या बाई पुढे खरंच विहीण झाल्या. "आमची सून मुकी माळ म्हणणाऱ्या घरची आहे," असं त्या आपल्या कात्रपला सगळ्यांना सांगायच्या. सुशीला गेल्यावर बरॅकीत दोघंच उरली. मग पात्रस निवृत्त झाले, आणि चौऱ्याण्णवच्या थंडीत अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा डावा हात लुळा पडला. जीभही जड झाली. तरी माळ चुकली नाही. लुसाबाई त्यांना उशीला टेकवून बसवायची.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका संध्याकाळी तिसरं रहस्य आलं. लुसाबाई मण्यावर बोट ठेवून गप्प बसली. तेवढ्यात शेजारून अडखळता आवाज आला, "नमो मरिये..."

"आवो, काय करताय? आंद्रूचं हाय ते."

"ठाऊक आहे. त्याची सहा झाली होती. चार राहिलीत."

बारा वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी आंद्रूचं किती म्हणून झालं होतं, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"मी मोडलं ते," पात्रस म्हणाले. "चारच म्हणतो, लुसे. जास्त नाही."

नको म्हणायला तिचं तोंड उघडलं, पण शब्द आला तो वेगळाच. "म्हणा."

त्यांनी म्हटलं. जीभ शब्दाशब्दाला अडत होती. प्रत्येक वेळी ती थांबायची आणि मग उत्तर द्यायची. चार झाली.

"झालं त्याचं," पात्रस म्हणाले, आणि उजव्या हातानं त्यांनी ओठांच्या कडा पुसल्या.

त्या रात्री ते गाढ झोपले. लुसाबाईला मात्र घर ओळखीचं वाटेना. इतकी वर्षं राखलेली जागा भरली होती. आता पोरगं आलं तर त्याच्यासाठी काय ठेवलंय, हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दोघं पुन्हा बसली. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यापाशी पात्रसनी तिच्याकडे पाहिलं. मग तिनं मणी धरला आणि स्वतःच सुरुवात केली, हळू, दारातल्या कुणाला बोलावावं तशा आवाजात. पात्रस उत्तर देत गेले. दहा झाली. तिचं बोट मागं वळलं आणि आणखी एक हाक मारावी तसं तिनं अकरावं 'नमो मरिये' सुरू केलं. पात्रसनी घसा साफ केला आणि उत्तर दिलं.