बंदुका कुणाकडे ठेवायच्या

गार्थ रेनिंगरनं कपाटातली शेवटची बंदूक काढली, आत गोळी नाही याची खात्री केली आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाकीच्या चार बंदुकांशेजारी ठेवली. टेबलावर जागा उरली नाही. त्याच्या बायकोनं, ट्वायलानं, कॉफीचे कप उचलून ओट्यावर नेले आणि ती तिथंच पाठ करून उभी राहिली.

शेरीफच्या पोलिसांतला डेप्युटी स्ट्रूप बंदुकांचे नंबर लिहून घेत होता. तो आणि गार्थ शाळेत एका वर्गात, एकाच फुटबॉल संघात होते. आज सरकारी कामावर आल्यामुळे तो अवघडला होता, आणि अवघडलेली माणसं करतात तशी थट्टा करत होता.

"ही तुझ्या आजोबांची ना रे? हिनं तुला आयुष्यात एक हरीण पाडता आलं नाही."

"तुझ्यापेक्षा दोन जास्त पाडलीत," गार्थ म्हणाला, पण हसला नाही.

सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता. आमच्या खोऱ्यात त्या दिवशी शाळेलासुद्धा सुट्टी असते आणि झाडून सगळे पुरुष डोंगरावर जातात. गार्थला यंदा जाता येणार नव्हतं. ऑगस्टमध्ये त्यानं पेनी नावाच्या घरच्या कुत्रीला बंदुकीच्या दस्त्यानं मारलं, तिच्या बरगड्या मोडल्या आणि तिसऱ्या दिवशी ती मेली. कोर्टानं दंड केला. वर नव्या कायद्याचं कलम लावलं की, जनावराशी क्रूरपणे वागल्याबद्दल दोषी ठरलेल्या माणसाला पाच वर्षं बंदूक बाळगता येणार नाही. दंडाचं कुणालाच काही वाटलं नाही, पण बंदुकांचं अख्ख्या खोऱ्याला लागलं. कुत्र्यापायी माणसाची बंदूक काढून घ्यायची म्हणजे अतीच झालं, असं लोक चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून बोलले.

ट्वायलाबद्दल त्याहून जास्त बोलले. पेनीला पांघरुणात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरकडे तिनंच नेलं होतं, आणि कुणी मारलं असं विचारल्यावर नवऱ्याचं नाव सांगितलं होतं. ती स्वतः दोन वर्षांत दोनदा दवाखान्यात गेली होती. तिथल्या डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं. दोन्ही वेळा तिनं घरातल्या जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं. रेनिंगरांचं घर एकमजली आहे.

पेनीसाठी ती रडली होती, त्यात खोटं काही नव्हतं. पण तिला या पाच वस्तू घरातून गेलेल्या हव्या होत्या. मार्चमध्ये एकदा जेवताना गार्थनं यातली एक आणून तिच्या ताटाशेजारी ठेवली होती आणि एक अक्षर न बोलता स्वतःचं जेवण संपवलं होतं. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

बाहेर गाडी थांबली. गार्थची आई वर्ना आत आली, कोट न काढताच टेबलाशी बसली. कोर्टात ती रोज मुलाच्या मागच्या बाकावर बसली होती आणि त्यानंतर सुनेशी बोलली नव्हती. आजही तिनं ट्वायलाकडे पाहिलं नाही.

कायद्यात एक सवलत होती. बंदुका सरकारजमा करायच्या, नाहीतर वेगळ्या घरात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवायच्या. वर्नाचं घर शेताच्या पलीकडे, चालत चार मिनिटांवर. गार्थनं आईला न विचारताच तिचं नाव दिलं होतं. आमच्याकडे असंच करतात. भाऊ ठेवतो, काका ठेवतो, सगळे शपथेवर सही करतात. आणि कपाटाची किल्ली असते त्याच कपाटाच्या डोक्यावर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गेल्या वर्षी अशा दोन सह्या झाल्या होत्या. ते दोघेही हंगामात डोंगरावर दिसले, आणि स्ट्रूपनं त्यांना नुसता हात हलवला होता.

ट्वायलाला हे सगळं माहीत होतं. शेताच्या पलीकडे गेलेल्या बंदुका तिच्या लेखी घरातच होत्या. ती धुतलेलाच कप पुन्हा धुवत राहिली.

स्ट्रूपनं कागद वर्नापुढे सरकवला. किल्ली त्याच्या हाती लागू देणार नाही, एवढंच आहे, तुम्ही नुसती सही करा, बाकीचं मी भरतो, असं म्हणाला. वर्नानं चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. बराच वेळ लागला.

"किल्ली कपाटावर असते," ती म्हणाली.

"ते मला ऐकवू नका, मिसेस रेनिंगर."

"तुला ठाऊकच आहे. ह्यालाही आहे. दुसरीकडे लपवली तर हा मागायला येईल आणि मी देईन. ह्याला नाही म्हणायला मी कधी शिकलेच नाही."

"आई," गार्थ म्हणाला, "सही कर."

"खोटी शपथ नाही घ्यायची मला." तिनं पेन कागदावर आडवं ठेवलं. "स्ट्रूप, घेऊन जा सगळ्या."

स्ट्रूपनं गार्थकडे पाहिलं, मग कागदाकडे. दुसरं कुणी आहे का, असं त्यानं हळूच विचारलं. सोमवारच्या आत दुसरं कोण मिळणार होतं? गार्थ आईच्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिला.

"पोटच्या पोरापेक्षा कुत्री मोठी झाली तुला?"

वर्नानं चष्मा काढून डबीत ठेवला. तो अंगणात निघून गेला. जाताना त्यानं दार इतक्या जोरात आपटलं की ओट्यावरचे कप हलले. स्ट्रूपनं दोन खेपांत पाचही बंदुका गाडीत ठेवल्या, गाडीला कुलूप लावलं आणि पावतीवर सही करायला आत आला.

त्याच्यामागे वर्नानं उठून दाराला आतून कडी लावली. खिडकीतून गार्थ दिसत होता. तो स्ट्रूपच्या गाडीला टेकून घराकडे बघत होता. वर्नानं कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. गार्थच्या वडिलांच्या वेळी तिच्याही घरी कुणी तरी एकदा असं दार लावायला हवं होतं, पण ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही आणि आत्ताही सांगितलं नाही.

"तुझ्या कागदात नुसतं कुत्रीचंच लिहिलंय, स्ट्रूप," ती म्हणाली.

तो पावतीवर वाकलेला तसाच थांबला. सोमवारी त्यालाही डोंगरावर जायचं होतं, याच माणसाच्या मित्रांबरोबर. मग त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली, वहीचं कोरं पान उघडलं आणि पायानं समोरची खुर्ची ट्वायलासाठी बाहेर सरकवली.

ट्वायलानं नळ बंद केला. हात पुसायचं राहिलंच. ती टेबलाशी आली, खुर्चीची पाठ धरून थोडा वेळ उभी राहिली, आणि मग बसली.